नागपूरच्या भटकंतीवरच्या वेबसाइटचे जुने लेख सुधारले तर वाचक वाढतील का?

वाढतील, पण नुसती तारीख बदलून नाही. गूगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) बघा, शोधात भरपूर दिसूनही क्लिक कमी मिळतात असे लेख आधी हाती घ्या. समजा, 'एका दिवसात नागपूर' हा लेख 2018चा आहे. त्यात मेट्रोची सेवा नसणारच, ती 2019मध्ये सुरू झाली. आता सीताबर्डीला ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जाता येतं, हे त्यात यायलाच हवं. लोक काय विचारतात तेही कन्सोलमध्येच दिसतं. त्याची उत्तरं लेखात अगदी वर द्या. तुटलेल्या लिंक काढा, नव्या लेखांतून इकडे लिंक द्या. यूआरएल, म्हणजे लेखाचा वेब पत्ता, मात्र कृपा करून बदलू नका, जुन्या लिंक त्यावरच येतात. फरक दिसायला काही आठवडे लागतात.