माझी 14 वर्षांची मुलगी सतत हिपहॉप ऐकते. तिला थांबवावे का?

थांबवू नये. आपण लिहिले आहे की या गाण्यांत शिव्या असतात, स्त्रियांविषयी हीन भाषा असते आणि मुलीच्या जातीला हे संगीत शोभत नाही. पहिल्या दोन आक्षेपांकडे मी नंतर येते. तिसरा आक्षेप मी आपल्या मुलीच्याच वयाची असताना डोंबिवलीत माझ्या मामाच्या तोंडून ऐकला होता आणि त्याचे उत्तर द्यायचे तेव्हापासून राहून गेले आहे.

1999 साली लॉरिन हिल या अमेरिकन गायिकेच्या 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी हे अमेरिकेतील संगीताचे पारितोषिक मिळाले. हिपहॉपच्या वाट्याला हा मान प्रथमच आला होता. त्याच सुमारास बहिणीच्या मैत्रिणीकडून ती कॅसेट माझ्या हाती आली. मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जात होते, गांधर्वच्या परीक्षा देत होते. पण एक बाई गाता गाता मध्येच बोलू लागते, बोलताना लयीला सोडत नाही आणि तिच्या मनातला राग कोणाची परवानगी न घेता मांडते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इंग्रजी अर्धेच कळत असे, म्हणून कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेऊन मी तिचे शब्द वहीत उतरवून काढले. त्या वहीने मला जेवढे इंग्रजी शिकवले तेवढे शाळेने शिकवले नाही.

पुढे मी मराठीत लिहू लागले. आमच्या इमारतीत पाणी पहाटे येई आणि ते भरायला फक्त बायका उठत. त्यावर काही ओळी रचून गणेशोत्सवातील कार्यक्रमात म्हणायचे मी ठरवले. मामा तबला उत्तम वाजवत असे आणि संगीताच्या बाबतीत घरात त्याचा शब्द अखेरचा असे. मी त्याला साथीला बसण्याची विनंती केली, तेव्हा ही नुसती बडबड आहे, असे म्हणून त्याने नकार दिला. शेजारच्या मुलाने ढोलकी धरली. निम्म्या ओळी झाल्या असतील, तोच समितीतील एका गृहस्थांनी येऊन माझ्या हातून माइक काढून घेतला. मुलीने हातवारे करून असे ओरडणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उरलेल्या ओळी मी माइकशिवाय म्हटल्या. पुढे बसलेल्या बायकांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या, आणि मामाचा हात मांडीवर अचूक ताल धरून होता, हे मी स्टेजवरून पाहिले. घरी आल्यावर मात्र तो म्हणाला की याला ना सूर ना ताल, आणि हा पोरींचा प्रांतही नव्हे.

ताल नाही, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. रॅप म्हणजे हिपहॉपमधले लयीत बोलणे. त्याचा एक बार, म्हणजे तालाचा एक खंड, बहुधा चार मात्रांचा असतो, म्हणजे चार बारमध्ये तीनतालाइतक्याच सोळा मात्रा होतात, आणि एक कडवे साधारणपणे सोळा बारचे बांधतात. यमक चौथ्या मात्रेवर आणणे ही जुनी, सोपी रीत झाली. 1987 च्या 'पेड इन फुल' या अल्बमवर रकीम हा रॅपर ओळीच्या पोटातच यमके पेरतो आणि वाक्य एका बारमधून दुसऱ्यात खेचत नेतो. तो लहानपणी सॅक्सोफोन वाजवत असे, आणि ते त्याच्या शब्दफेकीत ऐकू येते. ज्याला तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, समेवर येताना आनंद होतो, त्याला यातले कसब कळू नये, हे मला आजही पटत नाही.

हा पोरींचा प्रांत नाही, हे तर त्याहून चुकीचे आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात ज्या पार्टीपासून हिपहॉपचा जन्म मोजतात, ती डीजे कूल हर्कची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने शाळेसाठी नवे कपडे घेण्याचे पैसे जमवायला ठेवली होती. रॅपला घराघरांत नेणारे 1979 चे 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीच्या कंपनीने काढले. 1984 मध्ये रोक्सॅन शाँटे हिने पुरुष गायकांच्या एका गाण्याला रॅपमधूनच सडेतोड जबाब दिला, तेव्हा ती 14 वर्षांची होती. आपल्याकडे मुंबईच्या डी एमसी या रॅपर मुलीनेही हा पोरींचा प्रांत आहे, हे दाखवून दिले आहे.

आता शिव्यांविषयी. त्या आहेत, आणि बायकांना वस्तू समजणारी गाणी ढिगाने आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांतील काही मी स्वतः ऐकत नाही. पण त्या भाषेला खणखणीत उत्तरही याच संगीतात मिळाले आहे. बायकांना शिवीने हाक मारणाऱ्यांना क्वीन लतीफा या रॅपर बाईने 1993 मध्ये 'युनिटी' या गाण्यात थेट जाब विचारला आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. आपण बंदी घातलीत, तर मुलगी हेडफोन लावून ऐकेल आणि यांतले काय तिला खटकते, हे आपल्याला कधीच सांगणार नाही. त्यापेक्षा तिला आवडत्या गाण्याचे शब्द लिहून काढायला सांगा आणि ते तिच्याकडून समजून घ्या.

धाकटा 8 वर्षांचा मुलगा त्याच खोलीत असतो, असेही आपण लिहिले आहे. त्याच्या बाबतीत मी सावध राहीन, कारण त्या वयात शब्द आधी तोंडी बसतात आणि अर्थ मागून कळतो. शिव्या असलेली गाणी वगळण्याची सोय गाण्यांच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. ती त्याच्यासाठी जरूर वापरा, मुलीसाठी वापरू नका.