एकत्र राहणाऱ्या कुटुंबांना सरकारने सवलत द्यावी का?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो, इथली कोरडवाहू कपाशी आम्ही दोघे म्हातारपणी पाहतो. आई-वडिलांजवळ राहणाऱ्यांना सरकारने सवलत द्यावी किंवा तसा कायदाच करावा, असे आपणास वाटत नाही का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कायदा आहेच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरण अपत्यांना दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावू शकते. मुलाला वेचणीसाठी गावी आणू शकत नाही, आणि तशी सक्ती असूही नये. सवलतीचे म्हणाल, तर आधी उलटी सवलत थांबवावी : अंत्योदय शिधापत्रिकेवर घरात माणसे दोन असोत की आठ, धान्य ३५ किलोच मिळते, त्यामुळे एकाच वाड्यात कागदोपत्री दुसरी चूल मांडणेच (मांडणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा?) फायद्याचे ठरते. कोरडवाहू रानावर दोन संसार भागत नसतील, तर करसवलतीने मुलगा परतणार नाही. त्यासाठी ओलित आणि तालुक्यात रोजगार हवा.

शेत मुलाच्या नावे करायचे असल्यास बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, म्हणून घाई करू नका. सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडल्यास २००७ च्या त्याच कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.