माझेच अजून पुरते ठीक नाही, मी दुसऱ्याला काय देणार?

प्रश्न : माझे वय ३८ आहे. नऊ वर्षांपूर्वी मला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. गोळ्या नियमित चालू आहेत आणि गेल्या तीन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले नाही. दीड वर्षापासून मी एका स्वमदत गटात जातो. हाच आजार झालेला एक तरुण मुलगा तिथे नव्याने येऊ लागला आहे. ‘तुम्ही आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलत जाल का?’ असे गटाच्या ताईंनी मला विचारले. मला फार बरे वाटले. पण घरी सांगताच दादा म्हणाला, ‘आधी स्वतःचं बघ.’ मला अजून नोकरी नाही, इतरांना ऐकू न येणारे आवाजही अधूनमधून ऐकू येतात. मी हो म्हणावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादांच्या बोलण्यामागे काळजी आहे, कारण तुमचे वाईट दिवस त्यांनी जवळून पाहिले आहेत. तरीही ‘आधी पूर्ण बरे व्हा, मग इतरांकडे बघा’ हा क्रम मला पटत नाही. तुमच्यासारख्या दीर्घ आजारात पूर्ण बरे झाल्याची तारीख कुणी लिहून देत नाही. तिची वाट पाहत बसले, तर माणूस आयुष्यभर घेणाराच राहतो.

तुमच्या पत्रातले ‘मला फार बरे वाटले’ हे वाक्य मी दोनदा वाचले. गेली नऊ वर्षे तुम्हाला बहुधा ‘गोळी घेतली का?’, ‘झोप लागली का?’ असेच प्रश्न विचारले गेले असतील. ते आवश्यक असतात, पण सतत मदत घेत राहण्याचेही एक ओझे होते आणि आपण घरावर भार आहोत ही भावना आजाराइतकीच माणसाला खचवते. ताईंनी तुमच्याकडे काहीतरी मागितले. मागणाऱ्याने आपल्याकडे देण्यासारखे काही आहे असे गृहीत धरलेले असते, आणि ते कोणत्याही कौतुकापेक्षा खोलवर पोहोचते.

फ्रँक रीसमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये नेमके हेच मांडले, की मदत करणाऱ्याला मदतीचा लाभ होतो आणि तो कधीकधी घेणाऱ्यापेक्षाही अधिक असतो. त्याच्या तीस वर्षे आधी, १९३५ च्या मे महिन्यात, बिल विल्सन हा दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेला माणूस अ‍ॅक्रन या परक्या गावात होता. व्यवसायातला बेत फसला होता आणि पुन्हा प्यावेसे वाटू लागले होते. त्याने शोध घेतला तो आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीचा, त्याला उपदेश करण्यासाठी नव्हे तर स्वतः तगण्यासाठी. त्याला भेटलेले डॉ. बॉब स्मिथ आणि तो, या दोघांच्या बोलण्यातून मद्यपींची स्वमदत संघटना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे तिथेच कार्यकर्ते झाली.

व्यसन आणि स्किझोफ्रेनिया यांत फरक आहे, हे खरे. पण अनुभवाचे मोल दोन्हीकडे सारखेच आहे. गोळ्यांमुळे सकाळी येणारी सुस्ती, एस.टी.त बसलेले असताना आवाज सुरू झाल्यावर करायचे काय, लग्नघरात ‘हल्ली काय करतोस?’ असे विचारणाऱ्या काकांना द्यायचे उत्तर, हे त्या मुलाला तुमच्याइतके नेमके मनोविकारतज्ज्ञही सांगू शकणार नाहीत. पुण्यातील गटांमध्ये रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ असे शब्द वापरले जातात. शुभार्थी म्हणजे शुभ इच्छिणारा. ते शुभ केवळ स्वतःचेच असावे, असे त्या शब्दात कुठेही म्हटलेले नाही.

तेव्हा हो म्हणा, परंतु सीमा आखून घ्या. गोळ्यांबद्दल तुमचा अनुभव सांगावा, मात्र त्या कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा सल्ला कधीही देऊ नये. तो जीव देण्याविषयी बोलला, तर ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असली तरी ते गुपित ठेवू नका. ताईंना आणि त्याच्या घरच्यांना त्याच दिवशी सांगा. रात्री-अपरात्री सरकारची फोनवरून मानसिक आधार देणारी टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असते. तुमची स्वतःची झोप सलग दोन रात्री उडाली किंवा आवाज वाढले, तर त्या आठवड्याची भेट निःसंकोच रद्द करा आणि डॉक्टरांना कळवा. तो मुलगा बोललाच नाही, तर ते तुमचे अपयश मानू नका. पहिल्या बैठकीत तुम्हीही कदाचित गप्पच बसला असाल.

नोकरीचा प्रश्न यातून सुटणार नाही, ती शोधत राहा. एक मात्र सुचवतो : हे काम वाढून रोजचे झाले, तर मानधनाविषयी गटाशी स्पष्ट बोला. ‘तुम्हालाच बरे वाटते ना’ म्हणून कुणाचे श्रम फुकट घेणे योग्य नव्हे.

पहिल्या दोन भेटींत ताईंनी सोबत बसावे, अशी विनंती त्यांना करा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीला दादांना घेऊन जा. त्यांचा नकार बहुधा गटाला न पाहताच आलेला आहे.