वेगवेगळे वंश एका देशात आले की संघर्ष अटळच असतो का?

‘अनेक वंशांचे लोक एका देशात राहिले की कधी ना कधी पेटणारच, कारण वैर पिढ्यानपिढ्यांचं असतं, बरोबर ना?’ असं तुम्ही विचारलंय. मला हे पटत नाही. टांझानियाच्या मुख्य भूमीवर शंभराहून जास्त जमाती आहेत, तरी त्यांच्यात मोठी यादवी झाली नाही. सोमालियात जवळपास सगळ्यांचा धर्म एक, बहुतेकांची भाषा एक, आणि १९९१ मध्ये तिथलं राज्यच कोसळलं.

माझ्या मते मेख वेगळेपणात नाही. नोकऱ्या, शिक्षण, जमीन हे सगळं सरकारच्या हातून वाटलं जातं, आणि सरकार कुणाचं यावर आपलं पान वाढलं जाणार की नाही हे ठरतं, तिथे खरी सुरुवात होते.

श्रीलंकेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे एकेक पायरी स्पष्ट दिसते. ब्रिटिश काळात जाफन्यात (उत्तरेचा तमिळबहुल भाग) मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळा निघाल्या. त्यामुळे सरकारी नोकऱ्यांत तमिळांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. म्हणजे बहुसंख्य सिंहली समाजातल्या तरुणांची तक्रार अगदीच हवेतली नव्हती. १९५६ च्या निवडणुकीत विरोधी नेते भंडारनायके ‘राजभाषा फक्त सिंहली’ म्हणत उतरले (स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले आणि ख्रिस्ती घरात वाढलेले!). सत्ताधारी पक्षानेही घाईघाईने तीच भूमिका घेतली, तरी हरला, आणि भंडारनायके पंतप्रधान झाले. त्याच वर्षी सिंहलीला एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी भंडारनायक्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला: प्रादेशिक परिषदा, आणि उत्तर-पूर्वेच्या कारभारात तमिळ. लगेच विरोधी पक्षाने कँडीकडे निषेधाची पदयात्रा काढली. एप्रिल १९५८ मध्ये बौद्ध भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर येऊन बसले आणि करार मोडीत निघाला. महिन्याभरात दंगली झाल्या. १९५९ मध्ये भंडारनायक्यांना एका भिक्खूनेच गोळ्या घातल्या. त्या कटात इतर हेवेदावेही होते, पण ज्या वाघावर बसून ते आले होते तो त्यांना आवरला नाही, एवढं खरं.

मी याला लिलाव म्हणतो. बोली लावणारे दोघेही एकाच समाजातले (इथे दोन्ही सिंहली पक्ष), पैसे मात्र तिसऱ्याच्या, म्हणजे तमिळांच्या खिशातून जातात. पलीकडे, तमिळांमध्येही तेच होतं. वाटाघाटी करणारा तमिळ नेता दर वेळी रिकाम्या हाताने परतला, विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ मुलांना जास्त गुण लागू लागले, तेव्हा तरुणांनी बंदूक जवळ केली. मग त्या बंदुका मवाळ तमिळांवरही रोखल्या गेल्या. १९८९ मध्ये मवाळ तमिळ नेते अमिर्तलिंगम यांना लिट्टेनेच (वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) मारलं.

दुसरी गोष्ट भीती. इथे द्वेष असावाच लागतो असं नाही. युगोस्लाव्हिया फुटू लागला तेव्हा क्रोएशियाच्या १९९० च्या घटनेत तिथले सर्ब राष्ट्राचे घटक न राहता अल्पसंख्य झाले. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या कत्तलींच्या आठवणी उकरून काढल्या जात होत्या. ‘स्वसंरक्षणासाठी’ एकाने शस्त्र घेतलं की शेजाऱ्याला ती हल्ल्याची तयारीच वाटते, आणि तोही घेतो. मध्ये पडणारं, दोघांनाही आपलं वाटणारं सरकार उरलेलं नसतं.

कागदसुद्धा घात करतो. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी (तिथले दोन मुख्य समाज) ते नोंदवलं. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तशीच ओळखपत्रं तपासून तुत्सी माणसं मारली गेली.

उपाय काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. एकजुटीच्या भाषणांपेक्षा माझा भरवसा नियमांवर आहे. बियाफ्रा हा पूर्वेकडचा भाग फुटून निघू पाहत होता, त्यावरून झालेल्या यादवी युद्धानंतर नायजेरियाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला अट घातली: नुसती सर्वाधिक मतं पुरत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मतं हवीत. तिथला हिंसाचार यामुळे थांबला नाही, पण फक्त आपल्या लोकांच्या जिवावर निवडून येणं अवघड झालं. आणि अशा तडजोडींची वेळ चुकली की त्या फार महाग पडतात. श्रीलंकेने प्रांतिक परिषदा आणि तमिळला राजभाषेचं स्थान अखेर १९८७ मध्ये दिलंच, तेराव्या घटनादुरुस्तीने. तोवर सरकार आणि तमिळ बंडखोरांमधल्या युद्धाला ४ वर्षं झाली होती, आणि पुढे ते आणखी २२ वर्षं चाललं.