जर्मनीला नर्सिंग शिकायला निघालेल्या खान्देशच्या मुलीला: खाणं, झोप आणि वजन

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, जळगावला जर्मन भाषेची बी-टू पातळी सुरू आहे, नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे शाळा आणि काम एकत्र असलेल्या शिक्षणाला, यायचं नक्की आहे. पण आधी गेलेल्या मैत्रिणींचे फोटो पाहून घरचे विचारतात, तिकडे जाऊन सगळ्या जाड का होतात? त्यात तुझ्या आईला शुगर, म्हणून तुला स्वतःची काळजी. मी भुसावळची. हेच शिक्षण जर्मनीत संपवून आता इथल्या वॉर्डात नोकरी करते आणि शिकणाऱ्या मुली माझ्याबरोबर ड्युटीला असतात. त्यांचं काय होतं ते रोज डोळ्यांसमोर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शुगरचं. आईला असेल तर तुला धोका जास्त, हे खरं आहे, आणि इथलं कोणी ते तुला आपणहून सांगणार नाही. कारण इथल्या तक्त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ पर्यंत सगळं ठीक. आपल्या लोकांसाठी मात्र सावध व्हायची रेघ २३ वर आहे, आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं भारतीय डॉक्टर सांगतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत काय चाललेलं असतं, ते त्या फोटोवरून कळतं. तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप जवळ ठेव. महिन्यातून एकदा कंबर मोजली तरी पुरे.

आता वजन का वाढतं ते. तीन वर्षांत वर्गातले २१०० तास आणि प्रत्यक्ष कामाचे २५०० तास असतात, आणि ते आलटूनपालटून येतात. काही आठवडे वॉर्डात दिवसभर पायांवर, मग काही आठवडे शाळेत दिवसभर खुर्चीवर. वॉर्डात असताना भूक वाढते आणि ते साहजिक आहे. पण शाळेचा ब्लॉक सुरू झाला तरी ताटातलं तेवढंच राहतं. मी पाहिलेल्या बहुतेक मुलींचं वजन शाळेच्या ब्लॉकमध्ये आणि परीक्षेच्या दिवसांत वाढलं, वॉर्डात नाही. शाळेच्या आठवड्यात भाकरी एकने कमी कर आणि शाळेतून येताना दोन स्टॉप आधी उतर.

सगळ्यात जास्त मात्र मी ड्युटीवरून आल्यानंतरच्या एका तासाबद्दल सांगेन. सकाळपाळी साधारण सहाला लागते, म्हणजे साडेचारला उठायचं. त्या वेळी काही गिळवत नाही. नऊच्या सुमारास ब्रेक, तोही नवीन मुली संकोचाने घेत नाहीत, कारण बेल वाजत असते आणि ‘मी जेवायला जाते’ असं जर्मनमध्ये म्हणायचं धाडस होत नाही. दोन-अडीचला सुटून खोलीवर येतात तेव्हा हात थरथरत असतात. मग उभ्याउभ्याच ब्रेडला न्युटेला, मग चिप्स, मग भात लावतात आणि तो होईपर्यंत घरून आणलेली शेव. जेवण सुरू होण्याआधीच एका जेवणाएवढं पोटात गेलेलं असतं. त्यानंतर चार तास झोप, आणि रात्री टक्क जागं.

यावर उपाय दोन. पहिला, ब्रेक हा तुझा कायद्याने हक्क आहे. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान ३० मिनिटं मिळालीच पाहिजेत. पहिल्याच आठवड्यात ‘इख गेहे येत्स्ट इन डी पाउझे’ (मी आता ब्रेकला जाते) हे वाक्य पाठ कर आणि न लाजता म्हण. इथं त्यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही. दुसरा, दाराच्या आत पाय टाकल्यावर काय खायचं ते आदल्या दिवशीच ठरलेलं आणि शिजलेलं असू दे. डब्यात वरण, उसळ, एखादं उकडलेलं अंडं, काहीही. गरम करायला तीन मिनिटं लागतात, आणि तेवढी तीन मिनिटं माणूस धीर धरू शकतो.

स्टाफरूमच्या टेबलाबद्दल तुला कोणी सांगितलं नसेल. पेशंट घरी जाताना त्याचे नातेवाईक चॉकलेटचे डबे ठेवून जातात. जिचा वाढदिवस असेल ती स्वतःच केक भाजून आणते. नाताळच्या महिनाभर आधीपासून बिस्किटांच्या थाळ्या सुरू होतात. येता-जाता एकेक उचललं तर मोजमाप राहत नाही. केकला नाही म्हणू नकोस, इथं माणसं त्यातूनच जवळ येतात. बसून, बशीत घेऊन, सगळ्यांबरोबर एक तुकडा खा. चॉकलेटला मात्र चालता-चालता हात लावायचा नाही, एवढं ठरवून टाक. आणि सफरचंदाचा रस हे पाणी नव्हे. वॉर्डात तो फुकट मिळतो, दिवसभरात लिटरभर प्यायला तर साडेचारशेच्या वर कॅलरी नुसत्या ग्लासातून जातात.

आता आपल्या खाण्याचं. आपलं खान्देशी जेवण वाईट आहे असं तुला इथं कोणी सांगेल, ते ऐकू नकोस. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचंच बघ. ज्वारीत ज्या प्रथिनाच्या घटकाची कमतरता असते, लायसिनची, ती उडदाने भरून निघते. आपल्या आज्यांनी हे पीठ फार विचाराने बसवलं आहे. अडचण तेलाची आहे. शेवभाजीची तर्री, भरितावरचं तेल, शेंगदाण्याचा कूट, हे सगळं दिवसभर कपाशी वेचणाऱ्या अंगाला झेपतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, मूठभर शेंगदाणे म्हणजे दीडशेच्या वर. म्हणून तेल बाटलीतून ओतायचं नाही, चमच्याने मोजायचं. शेव घरून मागवायचीच असेल तर पाव किलो. किलोभर आणलीस तर अभ्यास करताना संपते.

भरीत इथं उत्तम होतं. हिरवं भरताचं वांगं मिळत नाही, जांभळं मोठं मिळतं. त्याला काट्याने चारी बाजूंनी टोचे मार, ओव्हनमध्ये २२० अंशावर पाऊण तास ठेव, मधे एकदा उलट. साल सुरकुतली आणि देठाजवळ दाबून मऊ लागलं की झालं. उघड्या आचेवर भाजू नकोस, हॉस्टेलच्या छतावरचा धुराचा अलार्म सगळी इमारत खाली आणतो. मिरची-लसूण तव्यावर परतून ठेचायचं, पातीचा कांदा आणि कोथिंबीर भरपूर, तेल दोन छोटे चमचे. पऱ्हाट्यांवर भाजल्याचा वास येणार नाही, पण चव येते. सुट्टीच्या दिवशी दोन वांगी भाजलीस तर दोन दिवस निघतात. लाल मसूर, गोठवलेला पालक, ओट्स, अंडी कुठल्याही दुकानात स्वस्त मिळतात. आणि क्वार्क नावाचा दह्याच्या चक्क्यासारखा प्रकार असतो, त्यातला बिनचरबीचा घे. १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मीठ, जिरं, काकडी घालून भाकरीबरोबर छान लागतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी बाजार केला नाहीस तर रविवार पिझ्झ्यावर जातो.

रात्रपाळीला घाबरू नकोस. शिकताना ती दुसऱ्या अर्ध्या काळातच येते, आणि एकूण ८० ते १२० तासच. पण नंतर नोकरीत ती नेहमीची होते, म्हणून सवय आत्ताच लावायची. खरं जेवण ड्युटीला जाण्याआधी. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही, तेव्हा फार तर सूप, ताक किंवा फळ. पहाटे चारला जी भूक लागते ती बरेचदा झोप असते. पहाटेची कॉफीही टाळ, नाहीतर सकाळी डोळा लागत नाही. घरी येऊन थोडं खाऊन खिडकीचं शटर पूर्ण खाली ओढायचं. इथल्या बहुतेक घरांत ते बाहेरून असतं आणि भर दुपारी मिट्ट काळोख होतो. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती असा नियम आहे. इस्पितळात ती १० तासांवर आणता येते, पण त्याची भरपाई नंतर मिळायला हवी. रोस्टर हातात आल्यावर हे तपासून बघ.

पाठ सांभाळ. पेशंटला हलवण्याआधी पलंग आपल्या उंचीला आणायचा, पेशंटला सरकवायची चादर आणि उचलायचं यंत्र वापरायचं, आणि कोणी ‘पटकन उचल’ म्हणालं तरी एकटीने उचलायचं नाही. पाठ धरली की हिंडणं-फिरणं बंद होतं आणि वजन तिथूनही वाढतं.

आपल्याला उन्हाचा कंटाळा असतो, इथं डिसेंबरात चार-साडेचारला अंधारतं. हिवाळ्यात ड जीवनसत्त्व त्वचेत तयारच होत नाही म्हण. इथली पोषण संस्था ऊन न मिळणाऱ्याला रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, सांगते. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने घे. आणि उजेड असेल तेव्हा अर्धा तास बाहेर पड, पाऊस असला तरी. तुझ्या आरोग्य विम्याची कंपनी पाठीच्या व्यायामाच्या किंवा योगाच्या मान्यताप्राप्त वर्गाची फी बरीचशी परत देते. पुष्कळ मुलींना हे माहीत नसतं, पहिल्याच महिन्यात विचार.

एक गोष्ट काळजावर दगड ठेवून सांगते. एकटेपणाने माणूस खातं. रात्री नऊला ड्युटी सुटते तेव्हा घरी साडेबारा-दीड वाजलेले असतात, बोलायला कोणी नसतं, मग समोर येईल ते. म्हणून आईशी बोलायची वेळ दुपारपाळीच्या आधीची ठेव. तुझ्या सकाळी दहाला घरी दीड-अडीच होतात, जेवणं आटोपून ती निवांत असते. ती व्हिडिओवर ‘किती वाळली गं माय’ म्हणणारच. तिला डबा उघडून दाखव, ती शांत होते. आणि वजन वाढलंच तर उपास, पावडरी, सकाळचं जेवण बंद, हे काही करू नकोस. ड्युटीवर चक्कर येऊन पडलेल्या मुली मी उचलल्या आहेत. पाळी दोन-तीन महिने अनियमित झाली तर लाजून बसू नकोस, बायकांच्या डॉक्टरकडे जा.

निघण्याआधी जळगावातच एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. तू शाकाहारी असशील तर बी१२ नक्कीच. कमतरता असेल तर तिथंच उपचार सुरू होतील. गोवराच्या दोन डोसांचा आणि हेपटायटिस बीचा दाखला इंग्रजीत करून आण. गोवराचा पुरावा २०२० पासून इथं इस्पितळात काम करणाऱ्यांना कायद्याने लागतो. तूप आणि खवा बॅगेत भरू नकोस, दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. त्या जागी काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि एक छोटा लोखंडी तवा ठेव.