जुने घर घेऊन किरायाने देऊ पाहणाऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बसस्थानकामागचे धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, जुने घर विकत घ्यावे, त्यात तीन बिऱ्हाडे बसतील अशी दुरुस्ती करावी आणि ते किरायाने द्यावे, हा तुझा विचार मला पटला. मात्र तुझ्या पत्रात टाइल्स, पीओपी आणि दर्शनी रंग यांविषयी जितके आहे, त्याच्या निम्मेही पाणी, छप्पर आणि वीज यांविषयी नाही, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे. आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या या भागात, किरायदार घर सोडतो तो फरशी जुनी आहे म्हणून क्वचितच. मे महिन्यात खोलीत झोपवत नाही आणि दोन-तीन दिवसांआड येणारे नळाचे पाणी साठवायला टाकी पुरत नाही, म्हणून तो दुसरे घर पाहू लागतो.

आधी हिशेब मांडू. समज, घर १४ लाखांना मिळाले आणि दुरुस्तीला ४ लाख लागले. तीन बिऱ्हाडांचा प्रत्येकी ४,००० रुपये किराया धरलास, तर वर्षाचे १,४४,००० होतात, आणि तू हाच आकडा धरून चालला आहेस. आपल्याकडचा चांगला किरायदार म्हणजे शिक्षक, बँकेतला कारकून, महावितरणचा कर्मचारी किंवा आरोग्य केंद्रातली परिचारिका. यांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात, विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि मधल्या काळात खोल्या रिकाम्या राहतात. म्हणून दहाच महिन्यांचा किराया धर, म्हणजे १,२०,०००. त्यातून घरपट्टी, मोटारीची दुरुस्ती आणि किरकोळ डागडुजी यांचे २५,००० वजा कर. उरलेले ९५,००० म्हणजे तुझ्या १८ लाखांवर सव्वापाच टक्के. आता यातले १० लाख नऊ टक्क्यांनी कर्जाऊ घेतलेस, तर पहिल्या वर्षीचे व्याजच ९०,००० च्या घरात जाते आणि मुद्दल फेडायला तुला पगारातून पैसे काढावे लागतात. प्राप्तिकरात घरपट्टी वजा करून उरलेल्या किरायातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढा दिलासा आहे. परंतु त्याने तोट्याचा व्यवहार फायद्याचा होत नाही. तेव्हा कर्ज काढायचेच असेल तर ते थोडे आणि दुरुस्तीपुरते काढ. शेत विकून घर घेण्याचे मनात असेल, तर ते तूर्त काढून टाक.

कागदांच्या बाबतीत घाई करू नकोस. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि शंभराच्या स्टॅम्पवरची विक्रीची चिठ्ठी तर काहीच नव्हे. नगर भूमापन झालेल्या जागेची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढ. जागा नझुलाची, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेली, असेल तर पट्ट्याची मुदत आणि अटी पाहा. शेतजमिनीतून पडलेला प्लॉट असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा नाही ना, हे तपास. दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध वकिलाकडून घे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रेत्याच्या बहिणींचे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलांइतकाच हक्क मिळाला आहे, आणि आपल्याकडे ‘बहिणी काही मागत नाहीत’ हे वाक्य व्यवहाराच्या दिवसापर्यंतच खरे असते. त्यांची सही खरेदीखतावरच घे. तोंडी संमतीवर थांबू नकोस.

घर पाहायला जाशील तेव्हा सोबत एक जाड स्क्रूड्रायव्हर ने. धाब्याच्या घरातल्या सागवानी तुळया मधून भक्कम दिसतात, पण भिंतीत गेलेल्या टोकाशी उधईने पोखरलेल्या असतात. तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा, सहज आत शिरला तर ती तुळई गेलीच समज. चांगल्या निघालेल्या सागाला पैसे येतात, तेव्हा ते लाकूड गुत्तेदाराला फुकट उचलू देऊ नकोस. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर गेलेली भेग दिसली, तर तिच्यावर चुन्याचा किंवा पीओपीचा छोटा पट्टा आडवा लाव आणि त्यावर पेन्सिलीने तारीख लिही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पट्टा तडकला तर पाया अजून हलतो आहे, आणि अशा भिंतीला पुट्टी लावणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. यावर पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा करणे आणि छपराचे पाणी नालीने दूर नेणे, म्हणजे पायाजवळची माती भिजत नाही. नवीन खोली बांधायची असेल तर पाया काळ्या मातीत न थांबवता खालच्या मुरमापर्यंत न्यावा.

भिंतीला दोन-तीन फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीने येणारा क्षार, लागलेला असेल, तर गवंडी त्यावर सिमेंटचा गिलावा मारून देतो आणि ओल त्याच्या वर चढून पुन्हा बाहेर येते. सुटलेला गिलावा खरवडून तिथे चुन्याचा गिलावा दिला तर भिंत सुकत राहते. पूर्णेच्या खोऱ्यातले बोअरचे पाणी खारे आहे, हे तुला सांगायला नको. तरीही गुत्तेदार कॉंक्रीट कालवायला आणि स्लॅबवर मारायला तेच पाणी वापरतो, सळई आतून गंजते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. नळाचे पाणी टाकीत साठवून तेच वापरायचे, हे त्याच्या करारात लिहून घे आणि रोज सकाळी जाऊन पाहा. हे काम हिवाळ्यात काढ, कारण उन्हाळ्यात पाणी नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर महाग पडतो, तो खर्च आधीच धर.

आता छप्पर आणि कूलर. पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो अशा भागात स्लॅबवर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले, तरी खालची खोली जाणवण्याइतकी थंड राहते, आणि हे काम एका दिवसाचे आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला कूलरसाठी एक खिडकी आणि तिच्या समोरच्या भिंतीत हवा बाहेर जाण्याची जागा ठेव. ती नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि कूलर कितीही मोठा घेतला तरी घाम वाळत नाही. वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी येते. लोखंडी पत्र्याचा कूलर, पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी आणि अनवाणी माणूस असा हा योग असतो. पंपाची वायर झिजली की वीज पत्र्यात उतरते. म्हणून जुनी वायरिंग पूर्ण काढ, खड्डा करून व्यवस्थित अर्थिंग कर, कूलरचे प्लग तीन पिनांचेच असतील असे पाहा आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसव. टाइल्सचा दर्जा एक पायरी खाली आणलास तरी हा खर्च त्यातून निघतो. मीटर प्रत्येकाचे वेगळे घे. पुढच्या खोलीत कुणी दुकान काढू पाहत असेल, तर घरगुती मीटरवर ते चालू देऊ नकोस. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते आणि मीटर तुझ्या नावाचे असते.

‘किरायदार बसला की उठत नाही’, ही जुन्या मंडळींची भीती निराधार नव्हती. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि भाडेकरार संपवायलाही रेंट कंट्रोलरची परवानगी लागत असे. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी घरमालकाची असते. करार नसेल तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू आहे, तेव्हा तुझे गाव त्यात येते का, हे वकिलाला विचार. येत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. दोन्ही परिस्थितींत अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार करच. आणि किराया थकला म्हणून पाणी किंवा वीज तोडू नकोस. ते बेकायदा आहे, आणि गावात त्याची वाच्यता तुझ्या नोटिशीआधी होते.

किरायदार निवडताना कामाचे ठिकाण आणि आधीच्या घरमालकाचा अनुभव विचार. आडनाव ऐकून खोली नाकारण्याची आपल्याकडची रीत तू चालवू नयेस, अशी माझी अपेक्षा आहे. वेळेवर किराया देणे कुठल्या जातीशी बांधलेले नसते. आणखी एक प्रसंग तुझ्यावर नक्की येईल. अमरावती किंवा अकोल्याहून रोज ये-जा करणारा एखादा कर्मचारी घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा हवा म्हणून नुसती पावती मागेल, वर थोडे पैसेही देऊ करील. राहत नसलेल्या माणसाला पावती देऊ नकोस. चौकशी झाली तर खोटा कागद तुझ्या सहीचा ठरतो आणि न मिळालेला किराया तुझ्या उत्पन्नात दिसू लागतो.

इसार देण्याआधी विक्रेत्याकडून आखीव पत्रिका, घरपट्टीची चालू वर्षाची पावती आणि शेवटचे भरलेले वीज बिल मागून घे. थकबाकी निघाली तर ती किमतीतून वळती करून घे आणि तसे इसारपावतीत लिहून घे. हे कागद हाती आले की त्यांच्या प्रती मला पाठव, मग किमतीचे बोलू.

तुझा,
काका