मिठाच्या पाण्यातला कांदा, बोअरच्या पाण्यातली डाळ

प्रश्न : लाल कांद्याचा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रंगीत भाग आक्रसला आणि भोवती मोकळी जागा दिसली. हीच का आंतरपेशीय पोकळी? मैत्रिणीच्या स्लाइडवर मात्र काहीच झालं नाही.
– अकरावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, ती जागा एकाच पेशीच्या आतली आहे. मिठाच्या पाण्याने रिक्तिकेतलं (पेशीतल्या रसाच्या पिशवीतलं) पाणी ओढून घेतलं, प्रद्रव्यपटल (पेशीचं पातळ आवरण) भित्तिकेपासून, म्हणजे बाहेरच्या कडक भिंतीपासून, सुटलं आणि मध्ये मिठाचंच पाणी शिरलं. भित्तिका मीठ अडवत नाही. आता दोन पेशी जिथे भेटतात तिथे बारकाईने पाहा. भित्तिका जागच्या हललेल्या नाहीत, कारण त्यांच्यामध्ये कॅल्शियम पेक्टेटचा चिकट थर असतो. शिवाय भित्तिकांतून आरपार जाणारे प्लाझ्मोडेस्माटा, म्हणजे अतिसूक्ष्म मार्ग, शेजारच्या पेशींचा जीवद्रव जोडतात. त्यांची रुंदी सुमारे 30 ते 60 नॅनोमीटर, त्यामुळे कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणार नाहीत. खरी पोकळी पाहायची तर पानाचा आडवा छेद घ्या. खालच्या बाजूच्या विरळ ऊतीत हवेच्या ऐसपैस जागा असतात.

मैत्रिणीने बहुधा आधी आयोडीन घातलं असावं. त्याने पेशी मरते, आणि मेलेल्या पेशीचं पटल मीठ रोखू शकत नाही. लाल कांद्याला वेगळा रंग लागतच नाही. पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा घ्या. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. काही मिनिटांत फरक दिसतो. जाड काळ्या कडेची वर्तुळं म्हणजे हवेचे बुडबुडे, पेशी नव्हेत. शेवटी साधं पाणी हळूहळू आत सोडा. रंग पुन्हा भित्तिकेपर्यंत पसरला, तर पेशी जिवंत आहे.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी कणीदार राहते. सोडा घालावा का?
– एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : डाळ मऊ होते ती पेशींमधलं पेक्टिन, म्हणजे त्यांना चिकटवून ठेवणारा पदार्थ, विरघळून पेशी सुट्या झाल्यावर. जड पाण्यातलं कॅल्शियम तेच पेक्टिन आणखी घट्ट बांधतं. सोड्याने डाळ शिजते खरी, पण ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. आम्ही तो सुचवणार नाही. पाणी आधी दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, पांढरा साका खाली बसला की वरचं वापरा. याने ‘कायमचा’ जडपणा, म्हणजे उकळूनही न जाणारा, जात नाही. फरक पडला नाही तर डाळीपुरतं नळाचं पाणी घ्या. चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, कारण आंबटपणातही पेक्टिन लवकर सुटत नाही.